नहालालमध्ये सातबारा नव्हता

इस्रायलच्या शेतीचा विषय आपल्याकडे निघाला की दोन शब्द हमखास येतात : ठिबक आणि जिद्द. कृषी प्रदर्शनाचा मांडव असो, दूध संघाची वार्षिक सभा असो की अभ्यासदौऱ्यावरून परतलेल्या पुढाऱ्याचा सत्कार, मजकूर ठरलेला. वाळवंट होतं, पाऊस नव्हता, तरी त्या लोकांनी सोनं पिकवलं. आणि आपण बघा. एवढं बोलून वक्ता समोरच्यांकडे जरा रागाने पाहतो आणि खाली बसतो. समोर बसलेला दोन एकरवाला आपल्यातच काहीतरी कमी आहे असं समजून घरी जातो.

मला या भाषणाचा राग येतो. ते साफ खोटं आहे म्हणून नव्हे, फार सोयीचं आहे म्हणून. त्या शेतीमागे जमिनीची, वारसाची आणि कर्जाची जी व्यवस्था होती ती त्यात कुठेच नसते. ती व्यवस्था उभी करताना कोणाच्या पायाखालची जमीन गेली, हेही नसतं. जी दोन माणसं या गोष्टीत खरोखर महत्त्वाची, म्हणजे नियम पाळणारा सभासद आणि जमिनीवरून उठवलेलं कूळ, ती दोन्ही वगळून उरलेली कथा आपण ऐकतो.

ठिबकचा कारखाना नेगेव या दक्षिणेकडच्या वाळवंटात, हात्झेरीम या किब्बुत्झात, म्हणजे सगळंच सामाईक असलेल्या वस्तीत, १९६५ साली निघाला. नहालाल हे पहिलं ‘मोशाव’, म्हणजे घर आणि शेत कुटुंबाचं वेगळं पण खरेदी, विक्री आणि जबाबदारी गावाची एक असं सहकारी शेतकरी गाव, ११ सप्टेंबर १९२१ रोजी वसलं. मधे चव्वेचाळीस वर्षं गेली. शिवाय नहालाल वाळवंटात नव्हतंच. ते होतं उत्तरेकडच्या इझ्रेल खोऱ्यातल्या दलदलीत. अरबीत या खोऱ्याला मर्ज इब्न आमेर म्हणतात. पाणी आणायचं कसं हा तिथल्या लोकांपुढचा पहिला प्रश्न नव्हता, साचलेलं पाणी घालवायचं कसं हा होता. हिवतापाच्या भीतीने ते आधी टेकडीवर तंबू ठोकून राहिले, खाली चर खणून पाण्याचा निचरा केला, आणि मग घरं बांधली.

जिद्दीचं म्हणाल, तर ती त्याच जागी आधीही खर्ची पडली होती. १८६७ साली जर्मन टेम्पलर पंथाची काही माणसं जवळच्याच समूनिया इथे वस्ती करायला आली आणि त्यांतली बरीचशी हिवतापाने मेली. धार्मिक निष्ठा, मेहनत, युरोपातली शेतीची माहिती, सगळं त्यांच्याकडे होतं. नुसत्या जिद्दीने गावं उभी राहत असती, तर समूनियाही राहिलं असतं.

ज्यू स्थलांतरितांचा स्वतःचा इतिहासही हेच सांगतो. १८८२ पासून रशिया-रुमानियातून आलेल्यांनी रिशोन लेझिऑनसारखी गावं वसवली. जवळचा पैसा संपला, पीक येईना, तेव्हा पॅरिसचे बॅरन एडमंड द रॉथशिल्ड मदतीला धावले. मदतीबरोबर त्यांचे अधिकारीही आले. काय लावायचं, कोणाला किती उचल द्यायची, हे ते ठरवू लागले. द्राक्षबागा झाल्या, वाइनची तळघरं झाली. शेतकरी मात्र वरून येणाऱ्या रकमेवर जगणारा आश्रित झाला, आणि रानात राबायला स्वस्त अरब मजूर आले. १९०० साली बॅरननी हा कारभार दुसऱ्या ज्यू संस्थेच्या हवाली केला.

मग आला तज्ज्ञांचा प्रयोग. १९११ साली याच खोऱ्यात मेरहाविया इथे फ्रान्झ ओपेनहायमर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाच्या आराखड्यानुसार सहकारी शेत सुरू झालं. ज्याचं जसं काम तसा मेहनताना, आणि वर एक व्यवस्थापक. कागदावर अगदी समंजस. प्रत्यक्षात व्यवस्थापक आणि कामगार यांच्यात जुंपली, त्यात महायुद्ध आलं, आणि १९१८ पर्यंत आराखडा गुंडाळला गेला. त्याआधी १९१० मध्ये गालिली सरोवराच्या दक्षिण टोकाला दहा पुरुष आणि दोन स्त्रियांनी देगानिया उभं केलं होतं. ना मालक, ना व्यवस्थापक, ना मजुरी. जेवण एका पंगतीला आणि कमाई एका पेटीत. किब्बुत्झचा जन्म तो. देगानिया टिकलं, पण तिथल्याच काहींना ते जाचू लागलं. स्वतःचं घर हवं, मुलं आपल्या छपराखाली वाढावीत, आपल्या गोठ्याचा हिशेब आपण ठेवावा, असं म्हणणारे बाहेर पडले. पुढे इस्रायलचे संरक्षणमंत्री झालेले मोशे दायान देगानियात जन्मले आणि नहालालमध्ये वाढले, ते वडील श्मुएल दायान या बाहेर पडणाऱ्यांत होते म्हणून.

म्हणजे नहालाल हा पहिला उत्साह नव्हता. दाता, तज्ज्ञ आणि संपूर्ण सामुदायिकता हे तीन रस्ते पाहून झाल्यावर, त्यांतल्या खाचखळग्यांची नोंद घेऊन काढलेला तो चौथा रस्ता होता. एलिएझर योफे यांनी १९१९ मध्ये एका पुस्तिकेत अशा गावाची कल्पना तपशिलात मांडली. मला त्या मांडणीत रस आहे तो तिच्यातल्या मनाईंमुळे. सभासदाला काय मिळेल यापेक्षा त्याला काय करता येणार नाही, यावर ते गाव उभं आहे.

जमीन विकता येणार नाही, हा पहिला नियम. जमीन शेतकऱ्याची नव्हतीच. १९०१ साली स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीने, केरेन कायेमेतने ती विकत घेतली होती आणि दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली होती. पट्टा वारसाला मिळे, पण जमीन गहाण टाकून सावकाराच्या घशात घालण्याची सोय नव्हती. नहालालमध्ये सातबारा नव्हता असं मी म्हणतो ते या अर्थाने. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे भोगवटादार वर्ग २ ची, ‘नवीन व अविभाज्य शर्ती’ची जमीन. सरकारने दिलेली, कलेक्टरच्या परवानगीवाचून विकता न येणारी. आणि आपल्याकडे अशी जमीन ज्याच्याकडे असते त्याचं अर्धं आयुष्य ती वर्ग १ करून घेण्यासाठी तहसीलचे उंबरे झिजवण्यात जातं. ज्या अटीला तिकडे गावाचा पाया मानलं, तिला इकडे आपण कपाळकरंटेपणा मानतो. दोघांचंही आपापल्या जागी खरं आहे, कारण तिकडे अटीबरोबर बी, गाय, घर, रस्ता आणि बाजार आला. इकडे नुसती अट आली.

दुसरी मनाई तुकडे पाडण्याची. ऐंशी कुटुंबं, प्रत्येकाला शंभर दुनाम, म्हणजे सुमारे पंचवीस एकर. हा घास एका कुटुंबाला स्वतःच्या हातांनी पेलेल इतका आणि त्याचं पोट भरेल इतका, असा हिशेब करून काढलेला. एका घराचा एकच वारस. बाकीच्या मुलांनी दुसरं गाव पाहावं, धंदा पाहावा, शहर पाहावं. वास्तुरचनाकार रिखार्ड काउफमान यांनी केलेला गावाचा आराखडा प्रसिद्ध आहे. विमानातून घेतलेलं त्याचं छायाचित्र तुम्ही कधीतरी पाहिलं असेल : मधोमध शाळा आणि सामाईक इमारती, त्यांच्याभोवती शिक्षक-कारागिरांची घरं, मग शेतकऱ्यांच्या घरांचं कडं, आणि प्रत्येक घराच्या मागून बाहेर रुंदावत जाणारं शेत. लोक त्याच्या देखणेपणाबद्दल बोलतात. मला त्यातला हट्ट दिसतो. वर्तुळ पुरं झालं की त्यात एक्याऐंशीवं घर घुसवता येत नाही. धाकट्या भावाचा प्रश्न त्या नकाशातच निकालात काढला होता.

आता हा आकडा पाहा. महाराष्ट्रात १९७०-७१ साली शेतीचं सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होतं. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आलं. तुकडे पाडायला प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९४७ पासून आहे. त्याच्या डोळ्यांदेखत हे झालं. भाऊ तोंडी वाटप करतात, बांध घालतात, कागदावर ‘सामाईक क्षेत्र’ तसंच राहतं आणि मग वीस वर्षांनी मोजणीच्या वेळी डोकी फुटतात. कायदा होता, पण कायद्यामागे धाकट्या भावाची दुसरी सोय नव्हती. एकटा कायदा काय करणार?

तिसरी मनाई मजूर ठेवण्याची. ‘स्वतःचे कष्ट’ हे मोशावचं ब्रीद. शेतकरी आजारी पडला तर शेजारी येऊन दूध काढणार, पेरणी उरकून देणार. आपल्या सावड आणि इर्जिक यांच्याशी त्याचं नातं लागतं, पण आपली सावड रिवाजावर आणि मर्जीवर चालते, तिकडे ते सभासदाचं लेखी कर्तव्य होतं. खरेदी-विक्री गावामार्फत. खत, चारा एकत्र घ्यायचा, दूध एकत्र घालायचं. पुढे १९२६ साली ‘त्नुवा’ ही विक्रीसंस्था निघाल्यावर दूध-अंडी तिच्याकडून शहरात जाऊ लागली. आणि कर्जाला सगळे सगळ्यांचे जामीन.

या ‘स्वतःच्या कष्टां’चा हिशेब करताना एक गोष्ट सहसा विसरली जाते. मजूर नको म्हटल्यावर काम कमी होत नाही. ते घरातच वाटलं जातं, आणि घरात ते कोणाच्या वाट्याला येतं हे सांगायला नको. किब्बुत्झात निदान मुलं, स्वयंपाक आणि धुणं सामाईक होतं. मोशावातल्या बाईला घर, मुलं, कोंबड्या, भाजीचा वाफा आणि पहाटेचा गोठा, सगळं एकटीवर. हाना मायझेल यांनी नहालालमध्ये चालवलेली मुलींची शेतीशाळा या काळात नावारूपाला आली, तिचं महत्त्व मला म्हणूनच फार वाटतं. बायका शेतकरी आहेत, शेतकऱ्याच्या बायका नव्हेत, एवढं तरी त्या शाळेने गृहीत धरलं होतं.

आता दुसरी बाजू. ती ‘पण’ म्हणून शेवटी चिकटवावी अशी नाही, ती पायातच आहे.

ही जमीन आली कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑटोमन सरकारने या खोऱ्यातली गावंच्या गावं बैरूतच्या सुर्सोक या सावकार-व्यापारी घराण्याला विकली. कसणारे अरब शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच होते. कागदावर मात्र मालक बैरूतला. १९१० पासून आणि विशेषतः १९२० नंतर येहोशुआ हांकिन या दलालाने सुर्सोकांकडून ही जमीन ज्यू संस्थांसाठी टप्प्याटप्प्याने विकत घेतली. व्यवहार कायदेशीर, दामही रोख. कसणाऱ्यांना काही रक्कम हातावर ठेवून जमीन मोकळी करून घेतली गेली.

कूळ म्हणजे काय हे ज्या समाजाला समजावून सांगावं लागत नाही, त्या समाजाने तरी ‘जमीन पैसे मोजून घेतली’ या वाक्यावर थांबू नये. कोकणातल्या खोतीविरुद्धचा लढा आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिला आहे. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ ला कृषकदिनी कसणारी कुळं मालक मानली गेली. दूर बसलेल्या मालकाच्या कागदापेक्षा कसणाऱ्याचा हात मोठा, हे तत्त्व आपण कायद्यात लिहिलं. त्याच तत्त्वाने मोजलं तर मर्ज इब्न आमेरचा व्यवहार उलटा आहे : कागद जिंकला, कूळ गेलं.

आणि पट्ट्यात आणखी एक कलम होतं. केरेन कायेमेतच्या जमिनीवर फक्त ज्यू मजूरच लावायचे. १९३० साली ब्रिटिश सरकारने सर जॉन होप सिम्पसन यांना जमिनीच्या चौकशीसाठी तेव्हा आपल्या ताब्यात असलेल्या पॅलेस्टाइनला पाठवलं. हे गृहस्थ पूर्वी हिंदुस्थानात सनदी सेवेत होते, तेव्हा शेतसारा आणि कुळांची भानगड त्यांना नवी नव्हती. त्यांनी अहवालात स्पष्ट म्हटलं की निधीने घेतलेली जमीन अरबांसाठी कायमची परकी होते. मालक म्हणून नाही, कूळ म्हणून नाही, आता मजूर म्हणूनही तिच्यावर त्यांना जागा उरत नाही. माझ्या मते मोशावबद्दलचं हे सर्वांत नेमकं निरीक्षण आहे. ‘स्वतःचे कष्ट’ या नियमाचं आतलं तोंड शोषणाला नकार देणारं होतं, बाहेरचं तोंड शेजाऱ्याला हुसकावणारं. दोन्ही एकाच नियमाची तोंडं. रॉथशिल्डच्या गावात अरब मजूर राबत होता, म्हणजे त्याचं शोषण होत होतं, पण तो तिथे होता. नहालालमध्ये शोषण नव्हतं, कारण तो नव्हता.

नहालालजवळ, नाझरेथच्या वाटेवर मआलूल नावाचं ख्रिस्ती-मुसलमान वस्तीचं गाव होतं. त्याची बरीच जमीन सुर्सोकांच्या विक्रीत गेली, आणि जुलै १९४८ च्या युद्धात गावही ओस पडलं. घरं पाडली गेली. चर्चं आणि मशीद उरली, भोवती पाइनची झाडं लावली गेली. हे मी अरब लेखकांच्या भरवशावर सांगत नाही. १९६९ साली हैफाच्या टेक्निऑनमध्ये विद्यार्थ्यांपुढे बोलताना खुद्द मोशे दायान यांनी सांगितलं होतं की आपली गावं अरब गावांच्या जागी उभी आहेत, आणि उदाहरणांत पहिलं नाव घेतलं ते स्वतःच्या गावाचं. माणूस सेनानी होता, हळवा नव्हता. पण त्याने सातबारा वाचून दाखवला. आपले अभ्यासदौरेवाले तेवढंही करत नाहीत.

पैशाचं थोडक्यात. नहालाल स्वतःच्या बचतीवर उभं राहिलं नाही. १९२० मध्ये सुरू झालेला केरेन हायेसोद हा निधी जगभरच्या ज्यूंकडून वर्गणी गोळा करून नव्या गावांना भांडवल पुरवी. रॉथशिल्डच्या काळाशी फरक एवढाच आणि फार मोठा, की पैसा बाहेरचा असला तरी कारभार गावाच्या सभेचा होता.

१९४८ नंतर मोशावची कथा बदलते, आणि इथे मला ती जास्त माणसाळलेली वाटते. इस्रायलचं राज्य झाल्यावर काही वर्षांत येमेन, मोरोक्को, इराक, कुर्दिस्तान इथून आलेल्या लाखो लोकांना कुठेतरी वसवायचं होतं. किब्बुत्झात या मोठ्या कुटुंबांना, सणवार पाळणाऱ्यांना रुचलं नसतं. मोशावात घर आपलं, चूल आपली. मग सरकारने दोनशेवर नवी मोशावं वसवली. नहालालचे संस्थापक स्वतःहून शेतकरी झाले होते. हे लोक झाले ते ट्रकने त्यांना आणून सोडलं तिथे झाले. कोणी सोनार, कोणी फेरीवाला, कोणी मुल्ला-मौलवींच्या शेजारी राहिलेला पाठांतरी पंडित. हाती कुदळ आली आणि शिकवायला जुन्या मोशावांतले स्वयंसेवक.

या लोकांत आपल्याकडचेही होते. नेगेवमधलं नेवातीम हे १९४६ साली वसवून पुढे सोडून दिलेलं गाव १९५४ मध्ये कोचीनच्या ज्यूंनी पुन्हा वसवलं. मिरीच्या आणि नारळाच्या देशातली माणसं, बीरशेबाच्या उजाड माळावर. त्यांच्यातल्या एलियाहू बेझलेल यांनी काचघरात फुलं पिकवून ती युरोपात पाठवली, आणि २००६ साली भारत सरकारने त्यांना प्रवासी भारतीय सन्मान दिला. आमचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मात्र बहुतेक शहरांत आणि नव्या वसाहतींत गेले : बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद. कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणत, तेलघाणा आणि थोडी भातशेती हा ज्यांचा जुना संसार, त्यांच्या वाट्याला बव्हंशी कारखान्याची पाळी आली. त्यांच्यातल्या काहींनी १९५१ मध्ये रंगावरून होणाऱ्या भेदाविरुद्ध सत्याग्रहाच्या धर्तीवर धरणं धरलं आणि भारतात परत जाऊ द्या अशी मागणी केली. समतेच्या गावांच्या देशातलीच ही गोष्ट.

मग या साऱ्याचं पुढे काय झालं? १९८४ मध्ये इस्रायलची महागाई वर्षाला ४०० टक्क्यांच्या वर गेली होती. १९८५ च्या स्थिरीकरण योजनेने महागाई आटोक्यात आली, पण व्याजदर चढले आणि मोशावांची कर्जं फुगली. आता सगळे सगळ्यांचे जामीन हा नियम गळ्याशी आला. ज्याने एक पैसा उचलला नव्हता तोही शेजाऱ्याच्या काचघराच्या कर्जात अडकला. सहकाराचं ब्रीद बँकेच्या वसुलीचं हत्यार झालं. एकत्र खरेदी करणाऱ्या प्रादेशिक संस्था कोलमडल्या. शेवटी १९९२ साली संसदेला कर्ज-फेररचनेचा कायदा करावा लागला. तो तिथे गल कायदा म्हणून ओळखला जातो. कर्जमाफी म्हटली की नाक मुरडणाऱ्या आपल्या इस्रायलभक्तांनी या कायद्याची आठवण ठेवावी.

मजूर ठेवण्याची मनाई त्याआधीच सैल झाली होती. १९६७ नंतर गाझा आणि वेस्ट बँकेतून मजूर येऊ लागले. १९९० च्या दशकापासून त्यांची जागा थायलंडच्या लोकांनी घेतली. ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यापूर्वी त्या देशात सुमारे ३०,००० थाई शेतमजूर होते, आणि त्या हल्ल्यात मेलेल्यांत आणि ओलीस गेलेल्यांत तेही होते. आज सुमारे साडेचारशे मोशावं आहेत. अनेक ठिकाणी दोन-चार कुटुंबं बाकीच्यांच्या जमिनी कसतात, उरलेले शहरात नोकरीला जातात. जमीन न विकण्याचा आणि न तोडण्याचा नियम मात्र बराचसा शिल्लक आहे. मला हे लक्षणीय वाटतं. कष्टाचा आदर्श गेला, जामिनकीचा आदर्श भाजून निघाला, आणि जो नियम कोणाच्याही चांगुलपणावर अवलंबून नव्हता तो राहिला.

आपण महाराष्ट्रात नेमकी उलट निवड केली. जमीन ज्याची त्याची, हवी तशी तोडा, हवी तेव्हा विका. सहकार सुरू होणार तो कारखान्याच्या काट्यापाशी. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा साखर कारखाना उभा केला, १९५०-५१ ला गाळप सुरू झालं, आणि त्या वाटेने नगर, कोल्हापूर, सांगलीचं रूप पालटलं हे नाकारण्यात अर्थ नाही. १९५९ च्या नागपूर काँग्रेसमध्ये सामुदायिक सहकारी शेतीचा ठराव झाला तेव्हा देशभर बोंब उठली, आणि ज्या संयुक्त शेती संस्था निघाल्या त्यांतल्या कित्येक कमाल जमीनधारणेतून सुटका करून घेण्यासाठी घरातल्या घरात काढलेल्या होत्या. तो रस्ता बंद झाला याचं मला फार दुःख नाही. पण कारखान्याच्या काट्यापाशी सुरू होणारा सहकार बांधावर पोचत नाही. उसाला भाव मिळवून देणारी संस्था उसाच्या रानाचे पाच तुकडे होताना हात बांधून बघते. शेतकरी उत्पादक कंपन्यांचंही तेच. माल एकत्र, जमीन विखुरलेली.

मग नहालालकडून एकच वारस हा नियम उचलावा का? माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. कारण तो एक वारस इथे कोण असेल हे आपल्याला आजच माहीत आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हिस्सा दिला, आणि तरीही माहेर तुटू नये म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करत आहेत. ‘शेतीचे तुकडे नकोत’ हे वाक्य त्या सहीच्या वेळी भावाच्या तोंडी असतंच. त्याला कायद्याची जोड दिली, की १९४८ च्या कूळकायद्यातल्या कुळासारखं संरक्षण तर दूरच, सुर्सोकांच्या कुळासारखी थोडी रोकड हाती घेऊन बहीण बाहेर.

उचलायचं असेल तर मालकी आणि कसवणूक वेगळी करण्याची कल्पना उचलावी. केरेन कायेमेतने मालकी स्वतःकडे ठेवून कसायला पूर्ण घास दिला. आपल्याकडे मालकी भावंडांची, सगळ्यांची नावं सातबाऱ्यावर, आणि जमीन एकसंध राहून गावच्या संस्थेमार्फत एकाला लेखी मुदतीच्या पट्ट्याने, बाकीच्यांना दरवर्षी खंड, अशी मांडणी होऊ शकते. ती होत नाही याचं कारण आळस नव्हे. पट्ट्याने दिली तर कूळ लागेल, या भीतीने लोक जमीन पडीक ठेवतात, पण लेखी करार करत नाहीत. बटई चालते ती तोंडी, आणि तोंडी बटईवाल्याला ना पीककर्ज मिळतं ना विमा. निती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा मांडला, त्यात मालकाचा हक्क अबाधित ठेवून कसणाऱ्याला कर्ज-विम्याची वाट होती. महाराष्ट्राने तो पूर्ण स्वरूपात घेतला, आणि त्यात पट्टा घेणारी म्हणून गावच्या सोसायटीला पहिला मान दिला, तर एक प्रयोग तरी करून बघता येईल. सुरुवात त्या गावांत करावी जिथे तरुण पुण्या-मुंबईला गेले आहेत आणि बांधावर गवत माजलंय. तिथे कोणाला उठवावं लागणार नाही. जिथे कोणी तोंडी बटईने कसत असेल, तिथे पट्टा आधी त्याला विचारावा.